स्टूल होतं तिथे

त्या घरात वस्तू ठेवण्याची एक रीत होती. काहीही ठेवलं, पाण्याचा पेला असो, खुर्ची असो नाहीतर धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठा, की ठेवणाऱ्याने जवळच्या लाकडावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचं. ठक-ठक. आई जन्मापासून आंधळी होती. दोन ठोके ऐकले की वस्तू कुठे आहे ते तिला कळायचं. ही रीत वडिलांनी लग्नानंतर लगेच घातली आणि दोन्ही मुलं बोलायला लागण्याआधी ठोकायला लागली. धाकट्याने शाळेत पहिल्याच दिवशी बाकावर दप्तर ठेवलं, दोनदा ठोकलं, आणि बाई उठून दार उघडायला गेल्या. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की सांगणारा निम्म्यावर आला की ऐकणारे हसायला लागत.

मुलं डोळस होती, पण ठोक्यांनी त्यांनाही वळण लावलं. पुढे पुढे 'इथे बस', 'इथे ठेव' हे शब्दच घरातून गेले. खुर्चीवर ठोकलं की बसायचं, स्टुलावर ठोकलं की हातातला कप तिकडे जायचा. बघायचं नाही, बोलणं तोडायचं नाही. ताईची एक मैत्रीण जेवायला आली होती तेव्हा तिने हे पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्याकडे सगळेच आंधळे आहेत का गं?" आईला ते फार आवडलं होतं.

वडील गेले, त्यानंतर धाकट्याने घरातली अडचण काढली. लाकडी स्टूल, पत्र्याची ट्रंक, कोपऱ्यातलं पुस्तकांचं कपाट. दिवसभर आईजवळ आता कोणी नसणार, तेव्हा पायात येण्यासारखं काही नको, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. "ने बाबा," आई म्हणाली. "मोकळी जागा निदान आपटत तरी नाही."

आई वेताच्या खुर्च्या विणायची. वाचनालयं, चहाची दुकानं, जुन्या कचेऱ्या आपल्या फाटलेल्या बैठका तिच्याकडे पाठवत. खिडकीजवळच्या खुर्चीत ती बसे. भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या डाव्या हाताला घमेल्यात, पट्टी भोकात अडकवून ठेवायच्या लाकडी खुंट्या मांडीवर, आणि भोकं मोकळी करायची आरी उजव्या हाताला, स्टुलावर. स्टूल गेल्यावर आरीसाठी तिने खुर्चीच्या हाताला कापडी पिशवी बांधून घेतली. काम थांबलं नाही.

एका दुपारी उजवीकडून दोन ठोके आले. लाकडावरचे, गुडघ्याच्या उंचीवरून. आईने विणता विणता आरी त्या बाजूला ठेवली आणि ती फरशीवर खणकन पडली.

"ताई?" तिने विचारलं.

ताई कामावर होती. आईने धाकट्याला फोन करून जेवलास का म्हणून विचारलं, आणि खाली बसून चाचपत आरी शोधली.

त्यानंतर ठोके येत राहिले. रोज नाही, पण पुन्हा येणारच नाहीत असं वाटावं इतका खंडही पडत नसे. बहुतेक वेळा स्टुलाच्या जागेवरून, कधी ट्रंकेच्या जागेवरून. जिथे काही नव्हतं तिथूनच. जिथे अजून सामान होतं तिथून कधी नाही. आणि नेहमी दिवसाउजेडी, कुकरच्या शिट्या, रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्यांचा रेडिओ हे सगळं चालू असताना. आई सावध झाली. ठोके आले की ती आधी पाय फिरवून बघायची.

एका सकाळी ती स्वयंपाकघरातून मटारची टोपली घेऊन बाहेर आली, उजवीकडे ठक-ठक झालं आणि ती बसली. तिच्या डोक्याने नाही, कमरेने ऐकलं. मटार घरभर झाले आणि आईचं मनगट मोडलं.

"स्टूल नाहीये तिथे, आई. मीच नाही का नेलं?" प्लास्टर घालून घरी आणल्यावर धाकटा म्हणाला.

"माहीत आहे."

"मग बसलीस कशाला?"

"ठोकलं कोणीतरी."

"कोणी?"

आईने प्लास्टरबाहेरची बोटं हलवून पाहिली. "तुझा गुडघा कसा आहे?"

"विषय बदलू नकोस."

"मी आई आहे. बदलेन."

धाकटा ताईला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि दार ओढून घेतलं. त्या दाराआडून आईला सगळं ऐकू येतं हे दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं, तरी ओढलं.

धाकट्याचा व्यवसाय लिफ्टच्या देखभालीचा. हाताखाली माणसं होती, तरी अवघड काम असलं की तो स्वतः शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्यातून वरखाली जाते त्या उभ्या बोगद्यात उतरायचा. खाली उतरलेल्या माणसाने बाजूला झाल्यावर लोखंडी रुळावर दोनदा ठोकायचं, मगच वरच्याने लिफ्ट चालवायची, अशी त्याच्याकडे पद्धत होती. ती त्याने घरूनच नेली होती.

"तिचे फोन येतात तुला माहीत आहे का?" तो म्हणाला. "सकाळी सकाळी विचारते, जेवलास का. मग दुपारी, कुठे आहेस. उत्तर दिलं की ठेवून देते. मी खड्ड्यात असतो, ताई. हात ग्रीसने भरलेले. पोरं म्हणतात, साहेब, घरून हजेरी आली."

"आई आहे. विचारणारच."

"आपली आई? लग्न झालं त्या वर्षी मी तक्रार केली होती, तू फोन करत नाहीस म्हणून. काय म्हणाली आठवतं? घोडा झालास, भूक लागली की खाशील." तो ओट्याला टेकला. "आणि आता हे ठोके. तू ऐकलेस?"

"नाही," ताई म्हणाली. तेव्हा ते खरं होतं.

"एक वृद्धनिवास आहे. तिथल्या लिफ्ट आमच्याकडेच आहेत, म्हणून मी आतून पाहिलंय. स्वच्छ आहे. भिंतींना धरायला कठडे, रात्रंदिवस माणूस."

"विणू देतील?"

"आरी हातात? तिथे फळं कापायला सुरीसुद्धा देत नाहीत."

"मग ती तिथे काय करेल?"

"पडणार नाही," धाकटा म्हणाला. "एवढं केलं तरी मला पुरे."

पण तो उतावळा माणूस नव्हता. आधी त्याने नळ दुरुस्त करणाऱ्याला आणून भिंतीतले पाइप तपासून घेतले. वरच्या मजल्यावर जाऊन आला. तिथे एक पेन्शनर एकटा राहत होता आणि त्याच्या पायात मऊ सपाता होत्या. मग एका सुट्टीच्या दिवशी धाकटा स्वतः सकाळपासून खिडकीजवळ बसला. लिफ्ट कुठे घासते हे तो खालच्या मजल्यावर उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचा. त्या दिवशी त्याने फ्रीजची घरघर ऐकली, बाथरूमच्या नळाची गळती ऐकली आणि ती दुरुस्तही केली. ठोके आले नाहीत. आई मात्र दिवसभर खुशीत होती. एका हाताने तिने दोनदा चहा केला आणि शाळेच्या बाकाची गोष्ट त्यालाच परत सांगितली.

ठोके ताईने ऐकले ते त्यानंतरच्या आठवड्यात.

ताई कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करायची. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, बारीक आवाज सोडायचा. ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. बोटावर ताईचा भरवसा नसे. काही जण न ऐकता बोट वर करतात, काही जण ऐकून करत नाहीत. ती तोंडाकडे बघायची. ऐकलेल्या माणसाच्या भुवया, पापण्या, ओठ, काहीतरी क्षणभर थबकतं. ते लपवता येत नाही.

आईच्या हातासाठी तिने रजा घेतली होती. दुपारी ती खिडकीजवळची फरशी पुसत होती. आई खुर्चीत होती, विणणं बंद असल्यामुळे नुसती खुंट्यांशी चाळा करत. ताई वाकलेली असताना तिच्या कानाच्या बाजूला, हातभर अंतरावर, लाकडावर दोनदा ठोकल्याचा आवाज झाला. पहिला ठोका जोरात, दुसरा मागाहून, हलका.

ताईने मान वळवली. समोर ओली फरशी होती आणि तीत खिडकीचं प्रतिबिंब. तिने हात पुढे करून, जिथून आवाज आला तिथे फिरवला. हाताला काही लागलं नाही.

"ऐकलंस?" आईने विचारलं.

"काय?" ताई म्हणाली.

आपण 'काय' म्हणालो हे तिला स्वतःलाच जरा उशिरा कळलं.

"काही नाही," आई म्हणाली. "फोन दे माझा." आणि तिने धाकट्याला फोन लावला. जेवलास का. बरं. ठेवते.

संध्याकाळी धाकट्याने ताईला विचारलं, आज काही वाजलं का. ताई नाही म्हणाली. या वेळी ते खोटं होतं. तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलेलं होतं आणि आईला एकटं टाकून जाता येत नाही म्हणून ते तसंच पडलं होतं. पण त्यासाठी आपण खोटं बोललो असं तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. हो म्हटलं तर पुढे काय बोलायचं हे सुचत नव्हतं; नाही म्हणणं सोपं होतं, इतकंच.

त्या 'नाही'वर धाकट्याने निवासात फोन केला. तिथल्या मॅडम शनिवारी दुपारी घरी येऊन आईला बघणार असं ठरलं.

शुक्रवारी ताई आईचे केस विंचरत होती.

"तू ऐकतेस," आई म्हणाली.

ताईचा हात थांबला.

"ठोके आले की तुझा श्वास अडतो. त्याला नाही म्हणालीस ते ठीक. मला म्हणू नकोस."

"मी उद्या सांगते त्याला, आई. त्या मॅडमसमोर सांगते. दोघींनी ऐकलं म्हटल्यावर..."

"नको."

"अगं, ते तुला वेडी ठरवायला निघालेत."

"ठरवू देत. त्याला काही सांगायचं नाही. हवं तर शपथ घालते." मग जरा हळू, "केस ओढतेस तू. तुझ्या वडिलांचा हात हलका होता."

ताईला वाटलं, आईचा हा ताठा आहे. पोराकडून होकार मागायचा नाही म्हणून निवासात जाईल, पण वाकणार नाही.

शनिवारी मॅडम वेळेवर आल्या. मध्यम वयाच्या, पायात रबरी तळव्यांच्या चपला, बोलणं गोड आणि जरा मोठ्याने.

"मला ऐकू येतं, मॅडम," आई म्हणाली. "बिघाड वरच्या मजल्यावर आहे." तिने डोळ्यांकडे बोट केलं.

मॅडम हसल्या आणि आवाज खाली आणला. वार विचारला, ऋतू विचारला, घरात कोण कोण असतं ते विचारलं. आईला स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायला सांगितलं. आई गेली, येताना ताट भरून बिस्किटं घेऊन आली, ताट तिपाईवर ठेवून ठोकलं. "घ्या. मी पास झाले तर दोन घ्या."

"चांगल्या आहात की हो तुम्ही," मॅडम म्हणाल्या आणि धाकट्याकडे बघितलं. यात बोलावण्यासारखं काय आहे, असं ते बघणं होतं.

धाकटा खिडकीजवळच्या दुसऱ्या खुर्चीत, आईच्या पलीकडे, हातात चहाचा कप घेऊन बसला होता. त्याने ठोक्यांचं सांगितलं, पडण्याचं सांगितलं, फोनचं सांगितलं. सांगताना आईकडे बघितलं नाही. ताईकडे एकदा बघितलं. ताईने ताटातली बिस्किटं सारखी केली.

"आजी, असं काही ऐकू येतं का तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"मला एक विचारायचंय," आई म्हणाली. "तुमच्याकडे फोन करता येतो का? वाटेल तेव्हा?"

"येतो ना. संध्याकाळी चहानंतर सगळ्यांना आळीपाळीने देतो आम्ही."

"दुपारी नाही?"

"दुपारी विश्रांती असते. पण संध्याकाळी अगदी रोज."

आईचा चांगला हात मांडीवर होता, तो तिने पदराखाली घेतला.

"सवय होते," मॅडम धाकट्याला म्हणाल्या. "पहिले थोडे दिवस जड जातात. तुम्हाला कधीपासून..."

"या महिन्यातच केलं तर बरं," धाकटा म्हणाला. "कसं आहे, ताई दिवसभर नसते. मी शहराच्या त्या टोकाला. उद्या पुन्हा असंच काहीतरी..."

ठक-ठक.

दोन खुर्च्यांच्या मधून, गुडघ्याच्या उंचीवरून. पहिला ठोका जोरात, दुसरा मागाहून.

"...ऐकून ती उठली आणि पडली, तर सांभाळायला कोण आहे?" धाकटा म्हणाला, आणि बोलता बोलता, मॅडमवरची नजर न काढता, त्याने हातातला कप डावीकडे नेला, खाली टेकवला आणि सोडला.

कप फरशीवर फुटला. चहा मॅडमच्या चपलेपर्यंत गेला.

"अहो, जपून," मॅडम पाय उचलत म्हणाल्या. "हातातून निसटला वाटतं."

ताईने आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. भुवया, पापण्या, ओठ. काही नव्हतं. हे आवाज ऐकलेल्या माणसाचं तोंड नव्हतं. मग तिने भावाकडे बघितलं. त्याचा हात अजून तिथेच होता, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, बोटं उघडी, जसा कोणी टेबलावर कप ठेवून हात मागे घ्यायला विसरावा.

ताईने फडकं आणलं. मॅडमनी अर्ज तिपाईवर ठेवला, विचार करून कळवा म्हणाल्या, आणि एक बिस्किट पर्समध्ये टाकून गेल्या.

दार लागलं.

"काही वाजलं नाही," धाकटा म्हणाला.

त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"मग कप कुठे ठेवत होतास?" आई म्हणाली.

धाकटा तुकड्यांकडे बघत राहिला. "लक्ष नव्हतं."

"तुझं लक्ष नसतं तेव्हाच तू बरोबर ठेवतोस. लहानपणापासून."

"मीही ऐकलं," ताई म्हणाली. "आधीही ऐकलं होतं. तुला खोटं सांगितलं."

तो तिच्याकडे वळला. रागवेल असं तिला वाटलं होतं. त्याने नुसतं तोंडावरून हात फिरवला. "बाबा?" त्याने आईला विचारलं. आवाज एवढासा झाला होता. "बाबा आहेत का ते?"

"तसं असतं तर मी पेढे... मी आनंदाने बसले असते रे," आई म्हणाली. "तुझ्या बाबांचे दोन्ही ठोके सारखे असायचे. घड्याळासारखे. हिचे जवळ जवळ, घाईचे. माझ्या कानात तुम्हा तिघांचे हात वेगळे आहेत, जसे तुम्हाला चेहरे." ती थांबली. "पहिला जोरात आणि दुसरा राहून गेल्यासारखा, मागाहून. सांग कोणाचा."

धाकट्याने खुर्चीच्या लाकडावर ठोकलं नाही. उजवा हात त्याने डाव्या हातात घट्ट धरून ठेवला होता.

"मी तर इथे बसलोय," तो म्हणाला.

"आज बसलायस."

"आई, मी जिवंत आहे."

"ते मला फोनवर कळतं," आई म्हणाली. "पण आधी तुझी घंटी वाजत असते ना, तू उचलेपर्यंत, तेवढा वेळ वाईट जातो."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी त्याला 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं. धाकटा उठला. फोन आले तेव्हा तेव्हा आपण कुठे होतो हे तो आठवत असावा. मग तो त्या दोन खुर्च्यांच्या मधे, जिथे कप फुटला होता तिथे, उकिडवा बसला आणि फरशीवर तळवा टेकवला. लिफ्टमध्ये बिघाड असला की तो मशीनच्या पत्र्यावर असाच हात ठेवायचा.

"काय लागतं?" ताईने विचारलं.

"ओलं आहे," तो म्हणाला.

अर्ज त्याने जाताना खिशात घातला. सोमवारी त्याने निवासात नको म्हणून कळवलं. ताईनेही त्या दुसऱ्या शहरातल्या दवाखान्याला नकार कळवला. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि हे तिने कोणाला सांगितलंही नाही.

पुढच्या आठवड्यात धाकटा नवं स्टूल घेऊन आला. सुताराकडून जुन्याच उंचीचं करून घेतलं होतं. त्याने ते आईच्या उजव्या हाताला ठेवलं आणि ठोकावं की नाही या विचारात उभा राहिला.

"ठोक," आई म्हणाली.

त्याने ठोकलं. एक जोरात, एक मागाहून. आईने मान हलवली. कपडे शिवून आल्यावर माप बरोबर आलं की माणूस हलवतो तशी.

त्या जागेवरून नंतर ठोके आले नाहीत. ट्रंकेच्या जागेवरून मात्र येत राहिले. धाकट्याने ट्रंकही आणली असती, पण आई म्हणाली, राहू दे, सगळी दारं बंद करू नयेत. याचा अर्थ तिला कोणी विचारला नाही. आता धाकटाच फोन करायचा, शाफ्टमधून वर आला की. "वर आलो," एवढंच म्हणायचा. माणसं हसतात का म्हणून ताईने विचारलं तर म्हणाला, हसतात, पण त्यातल्या दोघांनी आपापल्या घरी हेच सुरू केलंय.

आणि प्रत्येक वेळी तो विचारायचा, "वाजलं का गं?"

"नाही," आई सांगायची. वाजलेलं असलं तरी. ताई शेजारी असायची, तीही काही बोलायची नाही. त्या घरात नाही म्हणण्याचं काम आता आईने घेतलं होतं.

प्लास्टर निघालं. मनगट पहिल्यासारखं वळत नव्हतं, पण आई पुन्हा विणायला बसली. एका वाचनालयाच्या खुर्च्या आल्या होत्या. ताई सुट्टीच्या दिवशी तिच्यासमोर बसून पट्ट्या भिजत घालायची. अशाच एका दुपारी, आई तिरकी पट्टी ओढून घेत असताना, ट्रंकेच्या जागेवरून ठोका आला.

एकच.

आईची बोटं पट्टीवर थांबली. ताईने श्वास धरला होता, आणि आईला तो ऐकू येत असणार हे माहीत असूनही तिला तो सोडता येईना. रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. दुसऱ्या ठोक्याची वाट बघता बघता जेवढा वेळ जायला हवा तेवढा गेला, आणि मग त्याहून जास्त गेला.

आईने ओल्या हातानेच फोन घेतला आणि लावला. पलीकडे घंटी वाजायला लागली. ताईला ती स्पष्ट ऐकू येत होती. वाजत राहिली. आईचा चेहरा ताईसमोर होता. त्यावर वाचण्यासारखं काहीच नव्हतं, आणि असा चेहरा ताईने काचेच्या खोलीत कधी पाहिला नव्हता.

"बोल गं," धाकट्याचा आवाज आला. मागे काहीतरी धडधडत होतं.

"जेवलास का?"

"जेवतोय कुठला, आत्ता वर येतोय. मधेच पट्टा अडकला होता. का? वाजलं का?"

"नाही रे," आई म्हणाली. "सहज केला. वर ये आधी. मग जेव."

तिने फोन स्टुलावर ठेवला. ठोकलं नाही. भिजवलेली पट्टी तोवर सुकायला लागली होती; ती तिने घमेल्यात परत बुडवली आणि हात पदराला पुसला.

"आई," ताई म्हणाली. "एकच होता."

"हो."

आई खुर्चीतून खाली वाकली. ट्रंकेच्या जागेच्या दिशेला, मोकळ्या फरशीवर, बोटाच्या पेराने तिने एकदा ठोकलं. हलकेच, राहून गेल्यासारखं. मग ती तशीच वाकून, कान त्या बाजूला लावून, बराच वेळ बसली.